‘विशेष संदर्भ : बारामती व इंदापूर’ – तालुकास्तरीय संशोधनाची चिकित्सा

प्रस्तावना

महाविद्यालयीन नियतकालिकांतील वाणिज्य व व्यवस्थापन विषयांच्या शोधनिबंधांची शीर्षके चाळली असता एक शब्दप्रयोग वारंवार नजरेस पडतो, तो म्हणजे ‘विशेष संदर्भ’. पतसंस्थांची आर्थिक कामगिरी, साखर कारखान्यांचे गुणोत्तर विश्लेषण, दुचाकीस्वारांमधील वाहतूक नियमांची जाणीव, रांग सिद्धांताचे उपयोजन असा कोणताही विषय असो, पुढे एक आडवी रेघ, ‘विशेष संदर्भ’ हे शब्द आणि तालुक्याचे नाव. विषय बदलतो, तालुका बदलतो, साचा बदलत नाही. प्रस्तावना, उद्दिष्टे, गृहीतके, संशोधन पद्धती, पाच-सात कोष्टके, काय-वर्ग चाचणी, निष्कर्ष, शिफारशी, या क्रमाने निबंध पुढे सरकतो आणि अखेरीस शासनाने, बँकेने वा कारखान्याने काय करावे हे सांगून थांबतो.

या साच्याची थट्टा करणे सोपे आहे आणि ती पुष्कळांनी केलेलीही आहे. प्रस्तुत लेखाचा रोख निराळा आहे. शीर्षकात आलेला तालुका निबंधाच्या आत खरोखर येतो काय, हा येथील प्रश्न होय. बारामतीच्या जागी फलटण आणि इंदापूरच्या जागी माळशिरस घातले तर निबंधातील एकही वाक्य बदलावे लागणार नाही, अशी स्थिती असेल तर तो संदर्भ ‘विशेष’ कशाच्या आधारे म्हणावा? बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांची निवड येथे मुद्दाम केली आहे. वित्त, गणित आणि प्रत्यक्ष शेतजमीन यांची गाठ घालून देण्याचा पश्चिम भारतातील एक अत्यंत महत्त्वाचा प्रयोग याच भूमीवर झाला. तो एकदा साफ फसला, एकदा बराचसा साधला आणि तिसऱ्या वेळी पुन्हा घसरला. आजच्या अभ्यासकाला त्या इतिहासापासून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

इंदापूरची आकारणी

पेशवाई १८१८ मध्ये संपुष्टात आल्यानंतर दख्खनमधील जमीन महसुलाची शास्त्रशुद्ध आकारणी करण्याचे काम रॉबर्ट कीथ प्रिंगल या तरुण अधिकाऱ्याकडे सोपविण्यात आले. प्रिंगल हा हेलिबरी येथील कंपनीच्या महाविद्यालयाचा विद्यार्थी, आणि तेथे अर्थशास्त्र शिकविणारे प्राध्यापक होते माल्थस. रिकार्डो व माल्थस यांनी मांडलेला खंडाचा सिद्धांत त्याच्या मनात पक्का बसलेला होता. जमिनीच्या एकूण उत्पन्नातून लागवडीचा सर्व खर्च वजा जाता जे निव्वळ उत्पन्न उरते, त्याच्या ५५ टक्के सरकारने घ्यावेत, असे त्याचे सूत्र होते. सिद्धांत म्हणून यात वावगे काही नव्हते. किंबहुना, त्या काळी जगात इतरत्र कोठेही अर्थशास्त्राचा इतका थेट उपयोग क्वचितच केला गेला असेल.

घोटाळा झाला तो आकड्यांत. निव्वळ उत्पन्न काढावयाचे तर प्रत्येक प्रतीच्या जमिनीत किती पिकते, बैलांवर किती खर्च होतो, बियाणे किती लागते, मजुरी किती, हे सारे माहीत हवे. ही माहिती गोळा करणारे हाताखालचे कारकून होते. त्यांना ती कोठून व कशी मिळाली हे तपासण्याची व्यवस्था दुबळी होती आणि लाचलुचपतीला भरपूर वाव होता. गणित अचूक, पण त्यात भरलेले आकडे पोकळ. १८३० च्या सुमारास ही आकारणी लागू झाल्यावर धान्याचे उतरलेले भाव व अपुरा पाऊस यांची त्यात भर पडली. इंदापूर हा कमी पावसाचा पट्टा. थकबाकी साचली, सुटी देत जावे लागले, जमिनी पडीक पडल्या आणि कित्येक कुणब्यांनी घरे सोडून निजामाच्या मुलखाची वाट धरली.

हेन्री गोल्डस्मिड व लेफ्टनंट जॉर्ज विंगेट यांनी १८३५ पासून फेरपाहणीचे काम हाती घेतले, तेही इंदापुरातच. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा हिशेब बाजूला ठेवला. जमिनीत किती उरते हे नेमके मोजता येत नाही, परंतु एक जमीन दुसरीपेक्षा किती बरी आहे हे मोजता येते, अशी त्यांची भूमिका होती. पुढे १८४७ च्या संयुक्त अहवालात या पद्धतीचे जे रूप स्थिर झाले त्यात जमिनीचे नऊ वर्ग आहेत. पावणेदोन हात खोलीची उत्तम प्रतीची जमीन सोळा आण्यांची, त्याखालोखाल चौदा, बारा, असे उतरत शेवटचा वर्ग दोन आण्यांचा. चुनखडी, वाळू, उतार, पाण्याने माती वाहून जाणे अशा प्रत्येक दोषामागे जमीन खालच्या वर्गात ढकलावयाची. दर ठरविताना पूर्वीच्या वसुलीचा अनुभव, हवामान व बाजारपेठेचे अंतर पाहावयाचे आणि ठरलेला दर तीस वर्षे कायम ठेवावयाचा.

सिद्धांताच्या दृष्टीने ही पद्धत प्रिंगलच्या पद्धतीपेक्षा ओबडधोबडच म्हणावी लागेल. मात्र तिच्यात एक गुण होता. दुसरा माणूस त्याच शेतात जाऊन, तोच खड्डा खणून, पहिल्याचा वर्ग चूक की बरोबर हे पाहू शकत होता. संशोधन पद्धतीच्या पाठ्यपुस्तकांत विश्वसनीयता व वैधता यांवर जी प्रकरणे असतात, त्यांचा सारा आशय इंदापूरच्या त्या खड्ड्यात सामावलेला आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

तीस वर्षांची मुदत संपल्यावर १८६७ च्या सुमारास इंदापुरात फेरआकारणी झाली आणि येथे पद्धत पुन्हा घसरली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाला व पाठोपाठ इतर शेतमालाला असाधारण भाव आला होता. त्या चढ्या भावांची छाया नव्या दरांवर पडली आणि आकारणीत मोठी वाढ झाली. युद्ध संपले, भाव कोसळले, दर मात्र कागदावर उभेच राहिले. १८७४ मध्ये सरकारला वाढीवर मर्यादा घालाव्या लागल्या : तालुक्यासाठी ३३ टक्के, एका गावासाठी ६६ टक्के व एका खातेदारासाठी १०० टक्के. पुढच्याच वर्षी, १२ मे १८७५ रोजी, आज बारामती तालुक्यात असलेल्या सुपे येथे बाजाराच्या दिवशी सावकारांविरुद्ध उठाव झाला व कर्जाची कागदपत्रे जाळण्यात आली. उठावाची कारणे अनेक होती आणि केवळ आकारणीवर त्याचे खापर फोडणे इतिहासाला धरून होणार नाही. तथापि, चौकशी आयोगाचे एक सदस्य ऑकलंड कॉल्विन यांनी फेरआकारणीवर स्वतंत्रपणे कडक टीका केली, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे.

आधारवर्ष निवडण्याची ही चूक आज निर्दोष दिसणाऱ्या कोष्टकांत पुन्हा भेटते. ‘मागील पाच वर्षांचे कलविश्लेषण’ हा वाणिज्य विषयातील अत्यंत रूढ प्रकार घ्या. महाराष्ट्राचे साखर उत्पादन २०१८-१९ च्या हंगामात सुमारे १०७ लाख टन होते, दुष्काळामुळे २०१९-२० मध्ये ते सुमारे ६२ लाख टनांवर आले आणि २०२१-२२ मध्ये सुमारे १३७ लाख टनांपर्यंत गेले. २०१९-२० हे आधारवर्ष धरणारा अभ्यासक दोन वर्षांत उत्पादन दुपटीहून अधिक वाढल्याचे लिहील. २०१८-१९ धरणाऱ्यास वाढ तीस टक्क्यांच्या आत दिसेल. आकडे दोघांचेही खरे. कोणते वर्ष का निवडले याची दोन वाक्ये निबंधात नसतील तर वाचकाने कोणावर विश्वास ठेवावा?

नमुन्याचे सूत्र

प्राथमिक माहितीवर आधारित निबंधांत नमुन्याचा आकार ठरविण्यासाठी यामाने यांचे सूत्र किंवा क्रेजसी व मॉर्गन यांचे १९७० चे कोष्टक उद्धृत करण्याची प्रथा आहे. लोकसंख्या चार लाख व चुकीची मर्यादा पाच टक्के धरली तर यामाने यांच्या सूत्रानुसार नमुना जवळजवळ ४०० येतो. लोकसंख्या चाळीस लाख धरली तरी तो ४०० च येतो. ही गोष्ट सूत्र वापरणाऱ्यांपैकी किती जणांच्या ध्यानात आली असेल, याविषयी शंका घेण्यास जागा आहे. त्याहून गंभीर बाब पुढेच आहे. हे सूत्र यादृच्छिक नमुन्यासाठी आहे. प्रत्येक व्यक्तीची निवड होण्याची शक्यता समान असेल तरच पाच टक्क्यांच्या त्या मर्यादेला अर्थ राहतो. निबंधात मात्र सूत्रानंतरच्याच परिच्छेदात ‘सोयीस्कर नमुना पद्धतीचा अवलंब केला’ असे प्रामाणिकपणे लिहिलेले असते. म्हणजे आकार एका शास्त्राचा आणि निवड दुसऱ्या सोयीची!

या सोयीचे परिणाम कोणाला भोगावे लागतात हे पाहिले पाहिजे. डिजिटल व्यवहारांविषयीची प्रश्नावली महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर पाठवून ‘ग्रामीण ग्राहकांचा कल’ सिद्ध केला जातो, तेव्हा इंदापूर तालुक्याच्या जिरायती भागातील जी स्त्री बचतगटाचे हप्ते अद्याप रोखीने भरते ती त्या कलातून पुसली जाते. पतसंस्थेच्या दारात उभे राहून भरून घेतलेल्या प्रश्नावलीत समाधानी ग्राहक अधिक भेटतात, कारण असमाधानी ग्राहक त्या दारात येईनासा झालेला असतो. अशा माहितीवर काय-वर्ग चाचणी लावली तर उत्तर येते, सार्थकतेची पातळीही येते, परंतु प्रिंगलच्या कारकुनांनी आणलेल्या आकड्यांचेही उत्तर येतच होते.

प्रश्नावलीच्या भाषेविषयीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. परकीय लेखकाची मापनश्रेणी घेऊन तिचे शब्दशः मराठी भाषांतर केले की ‘मी माझ्या वित्तीय निर्णयांबाबत आत्मविश्वासपूर्ण आहे’ असले विधान तयार होते. या विधानाला ‘पूर्णतः सहमत’ म्हणणारा शेतकरी नेमका कशाशी सहमत झाला, हे बहुधा त्यालाही सांगता येणार नाही. त्याऐवजी ‘सोसायटीचे कर्ज फेडायला सावकाराकडून उसने घेतले होते काय?’ असे विचारले तर उत्तर मिळते आणि ते मोजताही येते. धनंजयराव गाडगीळ व वि. रा. गाडगीळ यांनी वाई तालुक्यातील शेतीव्यवसायाची जी पाहणी केली व १९४० मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्थेने जी प्रसिद्ध केली, तिचे मोल आजही टिकून आहे. ते टिकले याचे एक कारण असे की तिने लोकांना मते विचारण्यापेक्षा त्यांचे व्यवहार मोजले.

सहकाराचा ताळेबंद आणि उसने घेतलेली गुणोत्तरे

वित्तविषयक निबंधांचा या दोन तालुक्यांतील आवडता विषय साखर कारखाना हाच असणार, हे स्वाभाविक आहे. नीरा डाव्या कालव्याचे पाणी १८८५ च्या सुमारास या भागात खेळू लागले आणि पुढच्या दोन-तीन पिढ्यांत बागायतीचा चेहरामोहरा बदलला. इंदापूर तालुक्यात वालचंद हिराचंद यांनी १९३० च्या दशकात वालचंदनगर येथे खासगी साखर उद्योग उभारला. स्वातंत्र्यानंतर माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वर येथे सहकारी कारखाने आले, त्यानंतर बिजवडी व शहाजीनगर येथे, आणि अलीकडे पुन्हा खासगी कारखाने. सहकारी व खासगी भांडवल एकाच पिकावर, एकाच पाण्यावर शेजारी शेजारी उभे आहे. अभ्यासकाला याहून चांगली प्रयोगशाळा मिळणे कठीण. दोन तालुक्यांचा हा खरा विशेष संदर्भ होय.

निबंधांत मात्र या कारखान्यांना निव्वळ नफ्याचे विक्रीशी प्रमाण, भांडवलावरील परतावा, चालू गुणोत्तर अशी कंपन्यांसाठी घडविलेली मापे लावली जातात. ‘सदर कारखान्याची नफाक्षमता समाधानकारक नाही, व्यवस्थापनाने खर्चावर नियंत्रण ठेवावे’ असा निष्कर्ष ठरलेला. सहकारी कारखान्यात ऊस पुरविणारा सभासदच मालक असतो. त्याला मिळणारी उसाची किंमत हिशेबात खर्च म्हणून दिसते, पण त्यातील काही भाग वस्तुतः नफ्याचे वाटप असतो. दहा लाख टन गाळप करणाऱ्या कारखान्याने अंतिम भाव टनामागे शंभर रुपयांनी वाढविला तर नफा दहा कोटी रुपयांनी कमी दिसेल. कारखाना दहा कोटींनी वाईट झाला काय? सभासदाच्या दृष्टीने तो तितकाच चांगला झाला. याउलट, भाव दाबून ताळेबंदात नफा फुगविणारा कारखाना निबंधात ‘कार्यक्षम’ ठरतो.

हा काही केवळ तात्त्विक बारकावा नव्हे. उसाला दिलेल्या जादा भावापैकी किती खर्च आणि किती नफ्याचे वाटप, हा वाद प्राप्तिकर खाते व महाराष्ट्रातील सहकारी कारखाने यांच्यात वर्षानुवर्षे चालला. तासगाव तालुका सहकारी साखर कारखान्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये दिलेल्या निकालानुसार, भावातील नफ्याचा अंश तेवढा वाटप समजावा आणि तो किती हे कर निर्धारण अधिकाऱ्याने हिशेब पाहून ठरवावे असे झाले. तत्पूर्वी २०१५ च्या वित्त कायद्याने शासनमान्य दरापर्यंतची किंमत खर्च म्हणून मान्य केली होती. २०२३ च्या अर्थसंकल्पाने आधीच्या वर्षांसाठीही तो मार्ग खुला केला, आणि या सवलतीची रक्कम सुमारे दहा हजार कोटी रुपये असल्याचे अर्थमंत्र्यांनी भाषणात सांगितले. ज्या प्रश्नावर दहा हजार कोटी रुपये अडले होते तो प्रश्न गुणोत्तर विश्लेषणाच्या निबंधात एका तळटीपेनेही उपस्थित होऊ नये, ही गोष्ट वाणिज्य शाखेने मनावर घेण्यासारखी आहे.

आल्टमन यांच्या १९६८ च्या दिवाळखोरी निर्देशांकाचीही अशीच कथा आहे. तो अमेरिकेतील ६६ उत्पादक कंपन्यांच्या आकड्यांवरून बेतलेला आहे व भागभांडवलाचे बाजारमूल्य हा त्यातील एक घटक आहे. सहकारी कारखान्याच्या भागाला बाजारच नाही. आल्टमन यांनी पुढे पुस्तकी मूल्यावर आधारित सुधारित रूप दिले हे खरे. पण तेही सभासद हाच पुरवठादार असलेल्या संस्थेसाठी तपासलेले नाही. परक्या मापाने माप घेऊ नये असे नाही. ते माप येथे का लागू पडते, एवढे सांगण्याची जबाबदारी मात्र घेणाऱ्याची आहे. उसाची रक्कम चौदा दिवसांत द्यावी व विलंब झाल्यास पंधरा टक्के व्याज द्यावे अशी तरतूद ऊस नियंत्रण आदेशात आहे. कोणत्या कारखान्याने किती दिवसांनी रक्कम दिली, हे एकच मोजमाप दहा गुणोत्तरांपेक्षा अधिक बोलके ठरेल.

काळे ठिपके

रस्ता सुरक्षेच्या विषयाला या दोन तालुक्यांत विशेष निकड आहे. पुणे-सोलापूर राष्ट्रीय महामार्ग भिगवण व इंदापूरवरून जातो. संत तुकाराम महाराजांच्या पालखीचा मार्ग बारामती, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी असा याच तालुक्यांतून जातो आणि त्याच्या चौपदरीकरणाची पायाभरणी नोव्हेंबर २०२१ मध्ये झाली. हिवाळ्यात याच रस्त्यांवर उसाच्या बैलगाड्या व दोन-दोन ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर रात्रंदिवस चालतात. मागे दिवा नाही, परावर्तक असला तरी पाचटाने झाकलेला.

निबंधांचा भर मात्र ‘जाणीव’ या शब्दावर. हेल्मेटचे महत्त्व माहीत आहे काय, सिग्नलचे रंग माहीत आहेत काय, असे विचारून नव्वद टक्के ‘होय’ मिळविले जातात. जाणीव आणि वर्तन यांत अंतर असते, आणि वर्तन व अपघात यांत आणखी. चौकात दोन तास उभे राहून हेल्मेट घातलेले किती जण गेले हे मोजणे अवघड नाही, खर्चिकही नाही.

जे अभ्यास प्रत्यक्ष अपघातांचे आकडे घेतात त्यांत निराळाच दोष आढळतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या व्याख्येनुसार राष्ट्रीय महामार्गावरील सुमारे पाचशे मीटरच्या ज्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू वा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा दहा मृत्यू झाले, तो टप्पा ‘ब्लॅक स्पॉट’ होय. असे टप्पे निवडावयाचे, तेथे गतिरोधक, फलक वा पट्टे बसवावयाचे, पुढील तीन वर्षांचे अपघात मोजावयाचे आणि घट झाली म्हणून उपाय यशस्वी ठरवावयाचा, अशी ही रीत. गणिताच्या प्राध्यापकाने येथे हात वर करावयास हवा.

उदाहरणादाखल असे समजू की एखाद्या रस्त्यावरील शंभर टप्पे अगदी सारख्याच धोक्याचे आहेत व प्रत्येक ठिकाणी तीन वर्षांत सरासरी तीन गंभीर अपघात होतात. प्वासाँ वितरणानुसार त्यांपैकी सुमारे अठरा टप्प्यांवर निव्वळ योगायोगाने पाच किंवा अधिक अपघात नोंदले जातील आणि ते ‘ब्लॅक स्पॉट’ ठरतील. या अठरांची सरासरी सुमारे ५.७ असेल. पुढील तीन वर्षे तेथे एक खिळाही न ठोकता ही सरासरी पुन्हा तीनवर येईल. घट जवळपास ४८ टक्के, तीही काहीही न करता! संख्याशास्त्रात यास सरासरीकडे परतणे म्हणतात आणि एझ्रा हाउअर यांनी पूर्व-पश्चात अभ्यासांवरील आपल्या १९९७ च्या ग्रंथात या सापळ्याची सविस्तर चर्चा केली आहे. उपाय न केलेल्या तुल्य टप्प्यांशी तुलना करणे, एवढी किमान खबरदारी घेतल्याशिवाय कोणत्याही उपायाला यशाचे प्रमाणपत्र देऊ नये. खऱ्या रस्त्यावर सर्व टप्पे सारख्या धोक्याचे नसतात हे उघड आहे, त्यामुळे सापळा सौम्य होतो, नाहीसा होत नाही. आणि यात दुहेरी हानी आहे. निरुपयोगी उपायावर पैसा जातो ही एक. दुसरी अशी की ज्या वळणावर योगायोगाने तीन वर्षे चारच अपघात झाले ते वळण यादीबाहेर राहते व तेथे माणसे मरत राहतात.

छेदाचा प्रश्न त्याहून साधा आहे आणि तितकाच दुर्लक्षित. दोन महिन्यांतील अपघातांची तुलना करताना त्या महिन्यांत रस्त्यावर किती वाहने होती हे कोणी पाहावे? गाळप हंगामातील व पावसाळ्यातील रहदारी, वारीचे दोन-चार दिवस व एरवीचे दिवस यांची बरोबरी होऊ शकत नाही. गाडगीळ व गोगटे यांनी मुंबई इलाख्यातील सहा जिल्ह्यांच्या मोटारबस वाहतुकीची पाहणी १९३५ मध्ये प्रसिद्ध केली, त्यास आता नव्वद वर्षे झाली. वाहतुकीचा विषय तालुका-जिल्ह्याच्या पातळीवर मोजून मांडण्याची परंपरा पुण्याच्या परिसराला नवीन नाही, एवढेच येथे सांगावयाचे.

गुणांकाचे अर्थशास्त्र

हे दोष अभ्यासकांच्या आळसातून आले असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१० च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी शैक्षणिक कामगिरी निर्देशांक आणला व शोधनिबंधाला गुण जोडले. गुणांची मागणी निर्माण झाली तसा पुरवठाही झाला. आयोगाने जानेवारी २०१७ मध्ये मान्य नियतकालिकांची यादी दिली आणि मे २०१८ मध्ये तीतून ४,३०५ नियतकालिके वगळली. त्याच वर्षी भूषण पटवर्धन, शुभदा नगरकर आदींनी ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध केलेल्या चिकित्सेत, विद्यापीठांनी सुचविलेल्या व नामांकित सूचींत नसलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असू शकतात, असे आढळले. त्यानंतर ‘केअर’ यादी आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाल्याचे जाहीर झाले. पीएच.डी.साठी निबंध प्रसिद्ध करण्याची सक्ती २०२२ च्या नियमांनी काढली आणि त्याच नियमांनी एम.फिल. पदवीही संपविली. आठवड्याला सोळा तासिका, परीक्षा, समित्या व निवडणुकीची कामे सांभाळणाऱ्या अध्यापकाला शेतात जाऊन खड्डा खणण्यास वेळ कोठून मिळणार, हा प्रश्न रास्त आहे. याद्या आल्या, गेल्या. आता नियतकालिकाचा दर्जा ठरविण्याची जबाबदारी पुन्हा महाविद्यालयावर, म्हणजेच परीक्षक म्हणून सही करणाऱ्या सहकाऱ्यावर आली आहे. त्याने परत पाठविलेल्या एका निबंधाचे गुण कोणत्याच तक्त्यात नाहीत.

गव्हाणीपुढची रांग

उपयोजित गणिताच्या निबंधांत रांग सिद्धांताचे उपयोजन बँकेच्या खिडकीवर केलेले सर्वाधिक आढळते. गिऱ्हाईक यादृच्छिक येते, एकच खिडकी, सेवेचा वेळ घातांकी वितरणाचा, ही गृहीते पाठ्यपुस्तकातून उचलली जातात. बारामती-इंदापुरातील खरी रांग मात्र हंगामात कारखान्याच्या गाडीतळावर असते. वजनकाट्यापासून गव्हाणीपर्यंत ट्रॅक्टर, ट्रक व बैलगाड्या तासन्‌तास उभ्या असतात. पाठ्यपुस्तकाचे गृहीत येथे टिकत नाही. वाहने यादृच्छिक येत नाहीत. शेती विभागाच्या तोडणी कार्यक्रमानुसार टोळ्या फडात उतरतात आणि वाहने झुंडीने येतात. गाळप यंत्र बंद पडले की सेवा थांबते, पण तोडणी थांबतेच असे नाही. बैलगाड्यांची व मोठ्या वाहनांची रांग वेगळी, त्यांचा अग्रक्रमही वेगळा. म्हणजे हा प्रश्न बँकेच्या खिडकीपेक्षा कठीण आहे आणि म्हणूनच गणिताच्या विभागाने घेण्याजोगा आहे.

या रांगेची किंमत कोण मोजतो हे पाहिले की तो निव्वळ गणिताचा राहत नाही. तोडलेला ऊस उभा राहिला की वाळतो, त्याचे वजन घटते आणि साखरेचा उताराही. तोडणी कामगार व वाहतूकदार यांना मोबदला टनावर मिळतो, तासावर नव्हे. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडावयाची असल्याने ताटकळत गेलेली रात्र पुढच्या खेपेत भरून काढावी लागते. रात्रभर रांगेत जागलेला चालक पहाटे रिकामे ट्रेलर घेऊन महामार्गावर येतो. कारखान्याच्या ताळेबंदात या प्रतीक्षेसाठी रकाना नाही. रस्ता सुरक्षेच्या प्रश्नावलीतही नाही. वाणिज्य, गणित व वाहतूक हे तीन विभाग ‘बहुविद्याशाखीय’ या शब्दाखाली एका नियतकालिकात शेजारी छापले जातात, परंतु ते खरोखर भेटतात ते या गाडीतळावर.

अशा अभ्यासाला निधी फारसा लागणार नाही. वाहन काट्यावर आल्याची व रिकामे होऊन गेल्याची वेळ वजनाच्या पावत्यांवरून लावता येते. अपघाताची तारीख, वेळ व ठिकाण पोलिसांच्या पहिल्या खबरीत असते. एका हंगामापुरत्या या दोन नोंदी एकाच कालरेषेवर मांडाव्यात, प्रतीक्षा लांबलेल्या रात्रींनंतरच्या पहाटा इतर पहाटांशी ताडून पाहाव्यात, आणि कोणत्या पावत्या मिळाल्या व कोणत्या मिळू शकल्या नाहीत हे निबंधात स्पष्ट लिहावे. संबंध आढळेल किंवा आढळणार नाही. दोन्ही उत्तरे छापण्याजोगी आहेत, आणि दुसऱ्या अभ्यासकाला त्याच पावत्या पुन्हा मोजता येतील.